शेडातले जंतू, घरातलं दुखणं

आपल्या देवळा तालुक्यात कांद्याच्या चाळींच्या जोडीला पोल्ट्रीची शेडंही उभी आहेत. शेड शेतकऱ्याचं; पिल्लं, खाद्य आणि औषध बहुतेक ठिकाणी कंपनीचं. आणि तूस पसरणं, मेलेल्या कोंबड्या उचलणं, रात्री गाडीत पक्षी भरणं, बॅच गेल्यावर कोंबडखत पोत्यांत भरणं हे काम बऱ्याचदा आपल्या वस्तीतल्या माणसांचं.

अशाच एका शेडावर जाणारी वस्तीतली ताई लघवीच्या जळजळीने महिनाभर हैराण होती. मेडिकलवरून तीनदा गोळ्या आणल्या, दोन दिवस बरं वाटलं की बंद केल्या. शेवटी थंडी वाजून ताप आला तेव्हा लघवीची कल्चर तपासणी झाली. रिपोर्टमध्ये औषधांची यादी आणि निम्म्याहून जास्त नावांपुढे ‘आर’. ती मला म्हणाली, ‘‘सिस्टर, हा आर म्हणजे काय, मी नापास का?’’ म्हटलं, तू नाही गं, औषध नापास झालं. आर म्हणजे रेझिस्टंट. जंतू त्या औषधाला जुमानत नाही.

तिचे जंतू कोंबड्यांकडूनच आले, असं मी म्हणणार नाही. अर्धवट गोळ्यांनीही तेच होतं. पण शेडातून माणसात जंतू येतात, हे सिद्ध होऊन पन्नास वर्षं होत आली. अमेरिकेतले डॉक्टर स्टुअर्ट लेव्ही यांनी एका शेतावर कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन घातलं. आठवडाभरातच कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत तसेच जंतू शेतावर राहणाऱ्या माणसांच्या शौचातही वाढले. शेजारच्या घरांत ते फार कमी होते. हा अभ्यास १९७६ साली छापून आला. त्यातली दिलासा देणारी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: ते खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांनी दहापैकी आठ जणांत असे जंतू सापडले नाहीत.

जंतू ही युक्ती एकमेकांना देतातही. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरं, कोंबडीचं मांस आणि दवाखान्यातले रुग्ण या तिन्हींत कोलिस्टिनला हरवणारा एकच जनुक सापडला. कोलिस्टिन म्हणजे अतिदक्षता विभागात बाकी सगळं थकल्यावर काढायचं औषध. आणि ते कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून दिलं जात होतं! आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये जनावरं-कोंबड्यांसाठी त्याची निर्मिती आणि विक्री बंद केली. बाकीची औषधं मात्र चालूच राहिली. एन्रोफ्लॉक्सासिन घ्या. ते आपल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्याच घराण्यातलं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटने २०१४ मध्ये चिकनचे ७० नमुने तपासले तेव्हा ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश निघाले, त्यात हेही होतं.

म्हणून चिकन सोडायचं का? मुळीच नाही. गरिबाच्या ताटातलं ते चांगलं प्रोटीन आहे, आणि नीट शिजवलं की असले हट्टी जंतूही मरतात. धोका कच्च्या मांसाचा. नळाखाली धुताना शिंतोडे भांड्यांवर, कोथिंबिरीवर उडतात. ज्या विळीवर चिकन कापलं तिच्यावर लगेच काकडी चिरू नका. आधी विळी आणि हात साबणाने धुवा. शेडावर जाणाऱ्यांनी हाताची जखम झाकावी, कपडे वेगळे ठेवावेत, लेकराला उचलण्याआधी हात धुवावेत. शेडातली उरलेली पुडी घरच्या चार कोंबड्यांना घालायची नाही. आणि ज्या पाकिटावर लाल रेघ आहे ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागायची नाही, दिली तितके दिवस पुरी घ्यायची.

हातमोजे आणि गमबूट देणं मात्र मालकाचं काम आहे, मजुराच्या खर्चाचं नाही. कामगारांच्या सुरक्षिततेचे कायदे बाबासाहेब मजूरमंत्री होण्याच्याही आधीपासूनचे आहेत, पण शेडाच्या दारात ते क्वचितच पोहोचतात. ताईची दुसरी कल्चर स्वच्छ आली. पुढच्या बॅचला ती आणि सोबतच्या चार जणी कामावर चढण्याआधी मालकाकडे मोजे मागायला गेल्या. मोजे मिळाले. साबण अजून घरचाच नेतात.