धोतऱ्याचा भ्रम आणि मोजून द्यायचा उतारा

महाराष्ट्राच्या माळरानांवर, रस्त्यांच्या कडेला आणि गावाबाहेरच्या पडीक जागांत कोणी न लावता उगवणारा धोतरा महाशिवरात्रीला शंकराच्या पिंडीवर वाहिला जातो. त्याच झाडाच्या काटेरी फळातील बिया पोटात गेल्या, तर मात्र धडधाकट माणूस तासाभरात भ्रमिष्टासारखा वागू लागतो. या बिया दिसायला मिरचीच्या बियांसारख्या असल्यामुळे अन्नात मिसळल्या तर चटकन ओळखू येत नाहीत, आणि वाटसरूंना गुंगी आणून लुटणाऱ्यांनी या साधर्म्याचा फायदा घेतल्याचे उल्लेख एकोणिसाव्या शतकातील भारतीय न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत आढळतात. आज अशी विषबाधा खेळता खेळता फळ तोंडात घालणाऱ्या मुलांना होते, तशीच ऐकीव माहितीवरून धोतऱ्याचा काढा घेणाऱ्या मोठ्या माणसांनाही होते. पोटातील कळ थांबवणारे डायसायक्लोमीन, ॲलर्जीवरची काही जुनी औषधे, मानसोपचारात दिले जाणारे ट्रायहेक्सीफेनिडिल किंवा बाहुली मोठी करणारे ॲट्रोपीनचे थेंब अतिप्रमाणात शरीरात गेले, तरीही रुग्णाची अवस्था जवळजवळ तशीच होते.

या विषबाधेवर फायसोस्टिग्मीन नावाचा नेमका उतारा उपलब्ध आहे. योग्य रुग्णाला तो योग्य रीतीने दिला, तर बरळणारा माणूस काही मिनिटांत भानावर येऊन स्वतःचे नाव सांगू शकतो. घाईने किंवा चुकीच्या रुग्णाला दिला, तर त्याच औषधाने आकडी येऊ शकते किंवा हृदय मंदावून थांबू शकते. म्हणूनच आपत्कालीन विभागात या औषधाच्या मात्रेचा विचार करताना किती मिलिग्रॅम हा प्रश्न जितका महत्त्वाचा ठरतो, तितकाच कोणाला, किती वेळात आणि कोणत्या तयारीनिशी हाही ठरतो.

विष काय करते

मेंदूत आणि शरीरभर पसरलेल्या चेतातंतूंच्या टोकांशी ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन स्रवते आणि ते समोरच्या पेशीवरील ग्राही स्थानांवर बसून संदेश पोचवते. लाळ सुटणे, घाम येणे, आतड्यांची हालचाल, लघवी होणे, बाहुली आकुंचन पावणे आणि हृदयाची गती आवरून धरणे ही कामे बऱ्याच अंशी याच संदेशावर चालतात, आणि स्मृती व अवधान यांसाठीही मेंदूला तो लागतो. धोतऱ्यातील ॲट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही द्रव्ये त्या ग्राही स्थानांवर आधीच ठाण मांडून बसतात, त्यामुळे ॲसिटिलकोलीन तयार होत असूनही संदेश पोचत नाही, आणि या अवस्थेला ॲसिटिलकोलीनरोधी विषबाधा म्हणतात.

अशा रुग्णाचे तोंड इतके कोरडे पडते की त्याला आवंढा गिळता येत नाही, त्वचा लाल आणि गरम होते, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी जलद चालते, लघवी तुंबते आणि पोटाला स्टेथोस्कोप लावला तर आतड्यांचे आवाज मंद झालेले आढळतात. काखेत हात घालून पाहिले तर तिथेही घाम नसतो, आणि ही साधी तपासणी फार उपयोगी पडते, कारण उत्तेजक द्रव्यांच्या विषबाधेतही नाडी जलद आणि बाहुल्या मोठ्या असतात, परंतु त्या रुग्णाला घाम फुटलेला असतो. भ्रमाचे स्वरूपही ओळखीचे असते. रुग्ण पुटपुटत राहतो, समोर नसलेल्या माणसांशी बोलतो, अंथरुणाची चादर चिमटीत धरून ओढतो, आणि बोटांच्या टोकांतून अदृश्य दोरे काढत असल्यासारखे हातवारे करत राहतो.

विषातून सापडलेला उतारा

फायसोस्टिग्मीनचा उगम आजच्या नायजेरियातील कॅलाबार प्रदेशात आहे. तेथील एफिक समाजात आरोपीला एका वेलीच्या बिया खायला घालून त्याचे दिव्य करण्याची प्रथा होती, आणि तो वाचला तर निर्दोष मानला जाई. या बिया एडिंबरोला पोचल्यावर तेथील विषशास्त्रज्ञ रॉबर्ट ख्रिस्तीसन यांनी १८५५ मध्ये त्यांचा प्रयोग स्वतःवर केला, आणि परिणाम वाढू लागताच दाढीचे साबणाचे पाणी पिऊन ओकारी काढली. १८६४ मध्ये योब्स्ट आणि हेसे यांनी या बियांतील क्रियाशील द्रव्य वेगळे केले, आणि त्याच वर्षी प्राग येथे क्लाइनवेख्टर या डॉक्टरांनी ॲट्रोपीन प्यायलेल्या कैद्यावर कॅलाबार बियांचा अर्क उतारा म्हणून वापरला.

पुढे एडिंबरोचेच टॉमस फ्रेझर यांनी प्राण्यांवर प्रयोग करून या दोन विषांमधील विरोध मोजला. फायसोस्टिग्मीनच्या प्राणघातक मात्रेपासून ॲट्रोपीन जीव वाचवते, परंतु ते ठरावीक मर्यादेतच, आणि मर्यादा ओलांडली की उताराही निष्फळ होतो, हे त्यांनी १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला आकड्यांनिशी दाखवले. उतारा म्हणजे विषाच्या विरुद्ध हवे तितके ओतायचे औषध नव्हे, ही आजच्या वैद्यकातील समज त्या मोजमापातूनच दृढ झाली.

शरीरात ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारे एक विकर असते, आणि फायसोस्टिग्मीन त्या विकराला तात्पुरते निष्प्रभ करते. परिणामी ॲसिटिलकोलीन साचत जाते, आणि त्याचे प्रमाण वाढले की ग्राही स्थानांवर बसलेल्या विषाशी स्पर्धा करून ते आपला संदेश पुन्हा पोचवू लागते. भूलशास्त्रात वापरले जाणारे निओस्टिग्मीन याच कुळातील असले, तरी त्याच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असल्यामुळे ते रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडथळा ओलांडू शकत नाही. फायसोस्टिग्मीन तो ओलांडते, म्हणूनच ते भ्रमावर गुणकारी ठरते.

सुईआधीची तपासणी

औषध भरण्यापूर्वी हृदयाचा विद्युतआलेख, म्हणजे ईसीजी, काढणे अनिवार्य मानले जाते. ट्रायसायक्लिक गटातील नैराश्यरोधक औषधांच्या अतिसेवनातही कोरडे तोंड आणि भ्रम ही लक्षणे दिसतात, परंतु ती औषधे हृदयातील सोडियमचे मार्गही रोखतात आणि त्यामुळे ईसीजीतील क्यूआरएस हा भाग रुंदावतो. १९७०च्या दशकात बेशुद्धीच्या नाना रुग्णांना फायसोस्टिग्मीन सर्रास दिले जात होते, आणि १९८० मध्ये अशा दोन ट्रायसायक्लिक विषबाधित रुग्णांचे हृदय हे औषध दिल्यानंतर थांबल्याचे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर त्याचा वापर एकदम आटला. त्या भीतीतून शिकण्यासारखे बरेच होते, म्हणून आजही क्यूआरएस रुंद असेल, नाडी मंद असेल किंवा हृदयातील विद्युतवहनात खंड पडत असेल, तर हे औषध टाळले जाते. दम्याने श्वासनलिका आवळलेल्या, आतड्याला किंवा मूत्रमार्गाला प्रत्यक्ष अडथळा असलेल्या रुग्णालाही ते दिले जात नाही.

मात्र सरसकट भीतीमुळे योग्य रुग्णांचे नुकसानही झाले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात फायसोस्टिग्मीनने ८७ टक्के रुग्णांचा भ्रम दूर झाला, तर बेंझोडायझेपिन गटातील शामक औषधांनी एकाचाही भ्रम दूर झाला नाही. शामक औषध रुग्णाला शांत झोपवते. भान परत आणण्याचे काम उताराच करतो.

मिलिग्रॅम आणि मिनिटे

प्रौढ व्यक्तीला सामान्यतः ०.५ ते २ मिलिग्रॅम फायसोस्टिग्मीन शिरेतून दिले जाते, आणि त्याचा वेग मिनिटाला १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये असा दंडक असला, तरी अनुभवी डॉक्टर पहिली मात्रा लहान ठेवून ती पाच मिनिटांहून कमी वेळात देत नाहीत. मुलांसाठी दर किलो वजनामागे ०.०२ मिलिग्रॅम हे प्रमाण असते आणि एका वेळची मात्रा ०.५ मिलिग्रॅमच्या पुढे नेली जात नाही. अपेक्षित परिणाम झाला नाही, तर १० ते १५ मिनिटे थांबून, ईसीजी आणि श्वसन पाहून मगच पुढची मात्रा ठरते.

चूक कुठे होऊ शकते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मुलाचे वजन १५ किलो असेल, तर त्याची मात्रा ०.३ मिलिग्रॅम येते. औषधाच्या १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम द्रव्य असते, म्हणजे मुलासाठी केवळ ०.३ मिलिलिटर लागते, आणि इतके थोडे द्रव पाच मिनिटांत सावकाश ढकलणे हाताला जमत नाही. शिवाय दशांशचिन्ह एक घर सरकले तर मुलाला दहापट औषध जाते. म्हणून १ मिलिग्रॅम औषध सलाइनमध्ये मिसळून एकूण १० मिलिलिटर द्रावण केले जाते. आता मुलासाठी ३ मिलिलिटर लागतात, ते मिनिटाला सुमारे ०.६ मिलिलिटर या गतीने देता येतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेला घड्याळ पाहून तो वेग पडताळता येतो. मात्रा दोघांनी स्वतंत्रपणे मोजावी आणि मोठ्याने वाचावी, ही शिस्त अशा वेळी जीव वाचवते.

औषध चालू असताना नजर मॉनिटरवर आणि रुग्णाच्या तोंडाकडे ठेवावी लागते. लाळ गळू लागली, ओकारी आली, छातीत घरघर सुरू झाली किंवा नाडी झपाट्याने उतरू लागली, तर ॲसिटिलकोलीन गरजेपेक्षा जास्त साचल्याचे समजून औषध तत्काळ थांबवले जाते, आणि त्यासाठी ॲट्रोपीन आधीच सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलेले असते. ज्या द्रव्याच्या विषबाधेवर उपचार चालू आहे, तेच द्रव्य येथे उताऱ्याचा उतारा म्हणून लागते.

रुग्ण भानावर आला म्हणजे उपचार संपला, असा समज धोक्याचा आहे. फायसोस्टिग्मीनचा प्रभाव साधारणतः तासाभरात ओसरतो, तर धोतऱ्याचा परिणाम एक ते दोन दिवसही टिकू शकतो, कारण त्याने मंदावलेल्या आतड्यांत बिया रेंगाळतात आणि विष सावकाश शोषले जात राहते. त्यामुळे भ्रम परतल्यास लहान मात्रा पुन्हा द्यावी लागते, आणि तोवर रुग्णाला निरीक्षणाखालीच ठेवावे लागते.

औषध हाताशी नसेल तेव्हा

भारतात फायसोस्टिग्मीनचे इंजेक्शन सहजी मिळत नाही, आणि अमेरिकेतही २०२३ मध्ये तेथील एका उत्पादक कंपनीने काम बंद केल्यावर त्याचा तुटवडा निर्माण झाला. स्मृतिभ्रंशावर वापरले जाणारे रिव्हास्टिग्मीन मेंदूत पोचते, म्हणून काही डॉक्टर ते पर्याय म्हणून योजतात, परंतु ते तोंडावाटे किंवा त्वचेवरील पट्टीतून द्यावे लागत असल्याने त्याचा परिणाम हळू होतो. उतारा नसला तरी बहुतेक रुग्ण चांगल्या शुश्रूषेने बरे होतात: बेंझोडायझेपिनने अस्वस्थता आवरणे, शरीराचा ताप उतरवणे, शिरेतून द्रव देणे आणि तुंबलेल्या लघवीसाठी नळी घालणे ही कामे तालुक्याच्या रुग्णालयातही होऊ शकतात. क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे मात्र टाळावी लागतात, कारण तीही ॲसिटिलकोलीनला विरोध करतात.

विदर्भातील डॉक्टरांना या विषबाधेची उलटी बाजू परिचयाची आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांतील कीटकनाशके फायसोस्टिग्मीन रोखते तेच विकर रोखतात, आणि त्यांच्यावर ॲट्रोपीन हा प्रमुख उतारा आहे. तो गरजेपलीकडे दिला गेला, तर रुग्ण धोतरा खाल्ल्यासारखाच बरळू लागतो, म्हणून तिथेही छातीतील स्राव, नाडी आणि रक्तदाब पाहतच मात्रा वाढवावी लागते.

घरच्यांनी करण्याचे काम थोडके पण मोलाचे आहे: मीठपाणी पाजून ओकारी काढण्याच्या भरीस न पडता रुग्णाला रुग्णालयात न्यावे, आणि खाल्लेले फळ, पाने किंवा औषधाची रिकामी पट्टी सोबत न्यावी, कारण विषाची ओळख पटली की उतारा द्यायचा की नाही हा निर्णय सोपा होतो. रुग्णालयांनी वजनाप्रमाणे मात्रा, मिसळण्याचे प्रमाण, देण्याचा वेळ आणि थांबण्याच्या खुणा लिहिलेला तक्ता आपत्कालीन विभागाच्या भिंतीवर लावावा, म्हणजे रात्री दोन वाजता एकट्या पडलेल्या तरुण डॉक्टरला हे गणित स्मरणाच्या भरवशावर सोडवावे लागणार नाही.