झोप का येत नाही?

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. खरी भूक लागली की कोंड्याची भाकरीही गोड लागते आणि खरी झोप आली की दगडाची उशीही पुरते. परंतु परीक्षा जवळ आली की वसतिगृहातील कित्येकांचा अनुभव नेमका याच्या उलट असतो. गादी मऊ, दिवा मालवलेला, आणि डोळे मात्र टक्क उघडे! असे का व्हावे?

झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते, असे झ्युरिक विद्यापीठातील अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडले. पहिली गोष्ट म्हणजे झोपेची भूक. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडिनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते. जागरण जितके लांबते तितकी ही भूक वाढते आणि झोपेत ती शमते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातील घड्याळ. सुमारे २४ तासांत फेरा पूर्ण करणारे हे घड्याळ डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशावरून आपली वेळ लावून घेते. या दोहोंचा मेळ बसला की झोप आपोआप लागते. तो बिघडला की निद्रानाशाला वाट मिळते.

नेहमीची कारणे या दृष्टीने तपासून पाहावीत. चहा-कॉफीतील कॅफीन मेंदूत अ‍ॅडिनोसीनची जागा अडवते. झोपेची भूक त्यामुळे नाहीशी होत नाही, फक्त जाणवेनाशी होते. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असते. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेली कडक कॉफी रात्री अकरालाही आपले काम करीतच असते. दुपारची लांब झोप रात्रीची भूक आधीच मारून टाकते. रात्री उशिरापर्यंतचा लख्ख उजेड आणि डोळ्यांजवळ धरलेला मोबाईल घड्याळाला मागे ढकलतो. चिंता, मग ती परीक्षेची असो, नोकरीची असो वा घरच्या ओढाताणीची, शरीराला सावध ठेवते. आणि सावध शरीर झोपत नाही. याखेरीज दमा, अंगदुखी, मनाची खिन्नता व काही औषधे हीही कारणे असतात.

पण मग परीक्षा संपल्यावरही काहींची झोप परत का येत नाही? आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये याचे मार्मिक उत्तर दिले. निद्रानाशाची कारणे तीन प्रकारची असतात: मुळातील प्रवृत्ती, तात्कालिक निमित्त आणि तो टिकवून धरणाऱ्या सवयी. परीक्षा हे केवळ निमित्त. रात्र वाईट गेली म्हणून विद्यार्थी सकाळी नऊपर्यंत लोळतो, दुपारी झोप काढतो, गुंगी घालवायला चहा ढोसतो आणि भरपाई म्हणून रात्री लवकर अंथरुणावर पडतो. तेथे घड्याळ पाहत कुशी बदलत राहतो. हे सारे तो झोपेसाठीच करतो, पण त्यातून पोसला जातो तो निद्रानाश. निमित्त निघून जाते आणि सवय मागे उरते. हळूहळू अंथरूण दिसले की झोपेऐवजी काळजीच जागी होते.

ही सवय मोडण्याचा मार्ग रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्येच सुचविला होता. अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवावे. डोळे जड झाल्यावरच आडवे व्हावे. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठावे, मंद उजेडात दुसरीकडे बसावे आणि पेंग आल्यावरच परतावे. सकाळी मात्र रोज एकाच वेळी उठावे. वसतिगृहात कॉट हेच टेबल, हीच खुर्ची आणि हेच गप्पांचे ठिकाण असते, हे खरे. तरी निदान वाचायला खाली एक चटई अंथरता येईल.

झोपेच्या गोळ्यांविषयी एक इशारा. मित्राजवळची गोळी मागून घेणे धोक्याचे आहे; गोळी घ्यायची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि तीही थोडे दिवस. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संस्थेनेही २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळ्या नव्हे, तर विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती सुचविली. आठवड्यातून तीन रात्री, याप्रमाणे तीन महिने झोप बिघडलेली असेल तर तो जुनाट निद्रानाश मानतात. पण झोपेत घोरता घोरता श्वास अडत असेल किंवा मन सतत निराश राहत असेल, तर इतके दिवस वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

झोप ओढून आणता येत नाही. उठण्याची वेळ मात्र आपल्या हाती असते. तेव्हा आजची रात्र कशीही जावो, उद्या सकाळी ठरल्या वेळी उठायचे, एवढ्यापासून तरी प्रत्येकाने सुरुवात करून पाहावी.