टिपरू हाती घेण्यापूर्वी

आषाढ अर्धा सरला की पुण्यात संध्याकाळच्या वेळी मुठेच्या काठावरून एक आवाज येऊ लागतो. पहिल्या आठवड्यात त्याला ताल म्हणणं धाडसाचं होईल. कोणी पुढे पळतंय, कोणी मागे रेंगाळतंय, मधेच एखादा ढोल एकटाच बोलून ओशाळल्यासारखा गप्प होतो. गणेश चतुर्थी जवळ येते तसा हाच आवाज जुळत जातो. मिरवणुकीतला ढोल-ताशा लाखो लोक ऐकतात. पण तो शिकला कसा जातो हे ऐकण्याचा मान आम्हा काठावर राहणाऱ्यांचा. हा मान कधीकधी शिक्षेसारखा वाटतो, त्याविषयी पुढे लिहितेच.

आमच्या लहानपणी मुलींनी मिरवणूक पाहायची ती लक्ष्मी रस्त्यावरच्या कुणा नातेवाइकांच्या गॅलरीतून. ढोल-लेझीम घेऊन येत ती तालमीतली मंडळी, किंवा मावळ-मुळशीकडच्या गावांतले शेतकरी. पुढे ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, गरवारे प्रशाला यांसारख्या शाळांची पथकं उभी राहिली आणि ढोल शाळकरी मुलांच्या कमरेला आला. मुलींच्याही आला. आज पथकात निम्म्याच्या आसपास मुली दिसल्या तरी कोणी वळून पाहत नाही. म्हणूनच 2024 साली आमची अकरावीतली नात एका पथकात नाव घालून आली, तेव्हा तिच्या आईनं फक्त क्लासच्या वेळा विचारल्या.

वाद्यपूजन झालं. नातीची समजूत अशी, की आता ढोल मिळणार. पहिले काही दिवस मिळाल्या त्या नुसत्या टाळ्या. रांगेत उभं राहायचं, पायानं ठेका धरायचा, तोंडानं ताल म्हणायचा आणि टाळी द्यायची. शिकवणाऱ्या दादाचं म्हणणं, की जो ताल तोंडानं म्हणता येत नाही तो हातानं येत नाही. तबल्याच्या गुरूंचंही हेच म्हणणं असतं. पण तबलजी बसलेला असतो. इथे चालायचं असतं. पाऊल आणि हात यांची फारकत झाली की माणूस एक तर ताल चुकतो, नाही तर पुढच्याच्या टाचेवर पाय देतो. त्यामुळे आधी पाय पक्का. पायातला ठेका न विचारता चालू राहिला की हात मोकळा होतो.

मग ढोल आला. एका पानावर टिपरू, दुसऱ्यावर हाताची थाप. नवशिक्याचा उजवा हात शूर आणि डावा भित्रा असतो. थाप ऐकूच येत नाही. यावर कोणी आठवडाभर डाव्या हातानं दात घासायला सांगितलं, तेही तिनं केलं. घरात उशीवर टिपरू चालू झालं. ढोलाचं ताणलेलं पान टिपरू परत उडवतं, उशी उडवत नाही; प्रत्येक ठोका मनगटानंच उचलावा लागतो. चार दिवसांत खांदा दुखू लागला. खांदा दुखतो याचा अर्थ ठोका खांद्यातून येतोय. तो यायला हवा मनगटातून. टिपरू घट्ट आवळायचं नाही, अंगठा आणि पहिलं बोट यांत बिजागरीसारखं धरायचं. बोटांना फोड आले, चिकटपट्ट्या लागल्या. फोड आल्याचा तिला अभिमान होता. दादानं मात्र फोड पाहून एवढंच म्हटलं, “अगं, म्हणजे अजून आवळून धरतेस.”

तिसऱ्या आठवड्यात ती रडकुंडीला आली. ताल सगळे पाठ झाले होते आणि वाजवणं बिघडलं होतं. शिकणाऱ्या कोणाच्याही वाट्याला हा आठवडा येतो. आधी हात चुकत होता पण कानाला ते कळत नव्हतं. आता कान पुढे गेला होता आणि हात मागे राहिला होता. तिनं एक चांगलं काम केलं. मोबाइलवर आपल्या रांगेचं वादन टिपलं आणि घरी ऐकलं. पाच मिनिटांच्या वादनात शेवटची लय सुरुवातीपेक्षा कितीतरी चढलेली होती. वाजवताना कोणालाच ते जाणवलं नव्हतं. उत्साहात माणूस पळतो, आणि पन्नास माणसं एकदम पळाली तर आपण पळतोय हे कळायला कोणी उभं राहिलेलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून तेच ताल निम्म्या लयीत. संथ वाजवणं जलद वाजवण्यापेक्षा अवघड असतं. दोन ठोक्यांमधली रिकामी जागा सांभाळावी लागते.

नातीच्या शंकांमधली एक माझ्या बँकेतल्या आकडेमोडीच्या सवयीला मानवणारी होती. ती शेवटच्या रांगेत होती, ताशे पुढे. ताशाचा इशारा ऐकून ती अचूक वाजवत होती, तरी दादा म्हणे, “मागची रांग उशिरा येते.” आम्ही कागद घेतला. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. पथक 34 मीटर लांब पसरलेलं असेल, तर ताशाचा आवाज मागे पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मागच्यानं ऐकून ठोका दिला की तो पुढे परत यायला आणखी तेवढाच. म्हणजे पुढे उभ्या श्रोत्याला मागचा ढोल सेकंदाच्या पाचव्या भागानं उशिरा ऐकू येणार. मिनिटाला 120 ठोक्यांची लय असेल तर दोन ठोक्यांत अंतर असतं अर्ध्या सेकंदाचं. त्यात सेकंदाचा पाचवा भाग म्हणजे चांगलाच मोठा. उपाय पथकांनी कधीच शोधलेला आहे. काही ताशे रांगांच्या मधे पेरायचे, आणि मागच्यांनी कानापेक्षा डोळ्यांवर विसंबायचं: पुढच्याचं टिपरू उतरताना पाहायचं.

आणि मग ऑगस्ट संपता संपता ती बातमी आली. 30 ऑगस्ट 2024 रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठानं गणेशोत्सवातल्या आवाजाविषयी आदेश दिला. त्यात एका पथकात ढोल, ताशा, झांज मिळून 30 पेक्षा जास्त माणसं नकोत, अशी अट होती. चतुर्थी होती 7 सप्टेंबरला. नवशिक्यांचं काय होणार हे सांगायला कोणी लागत नव्हतं. तिसांची यादी लागली, त्यात नातीचं नाव नव्हतं. तरीही ती सरावाला जात राहिली. दोऱ्या ओढून ढोल ताणायला मदत करायची, पाणी द्यायचं आणि कडेला उभं राहून टाळीवर ताल धरायचा. 12 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं त्या संख्येच्या अटीला स्थगिती दिली. 17 तारखेला, अनंत चतुर्दशीला, ती शेवटच्या रांगेत वाजवत गेली.

ती गेली याचा मला आनंद झाला. पण काठावर राहणारी म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या इमारतीत हृदयविकाराचे रुग्ण आहेत, तान्ही मुलं आहेत. केंद्र सरकारच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. तक्रार करणारे सगळे उत्सवाचे वैरी नसतात.

संख्येचा हिशेबही सरळ नाही. 30 ढोलांचे 60 झाले तर आवाज साधारण 3 डेसिबलनंच वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल लागतात. तेव्हा श्रोत्याला फरक थोडा जाणवेल. वाजवणाऱ्याच्या कानाचं गणित मात्र निराळं. कामगारांच्या आरोग्याचा विचार करणारी अमेरिकी संस्था सांगते, की 85 डेसिबलमध्ये आठ तास राहणं ही हद्द, आणि दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. रोज दोन-तीन तास, महिना-दीड महिना ढोलांच्या मध्यभागी उभ्या राहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीच्या आईला मी हेच सांगितलं. कापसाच्या बोळ्यानं भागत नाही, औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग हवेत. नातीला ते प्रथम लाजिरवाणे वाटले. पुढे तिच्याच लक्षात आलं, की त्यांच्यामुळे गोंगाट कमी होऊन ठोका वेगळा ऐकू येतो.

मला या सगळ्यात जाणवलं ते असं. ठोके फाटलेले असले की प्रत्येक जण आपला ढोल आपल्याला ऐकू यावा म्हणून जोर लावतो, आणि आवाज वाढत जातो. ठोके एकत्र पडले की जोर लागत नाही. पन्नास ढोल एका क्षणी बोलले, तर त्यानंतर येणारी शांतताही ऐकू येते; छातीत धडधडतं ते त्या शांततेमुळे. न्यायालयं संख्या ठरवू शकतात, डेसिबल ठरवू शकतात. एकमेकांना सांभाळून वाजवणं सरावातच यायला हवं, आणि ते आलं तर शेजाऱ्यांचं दुखणंही थोडं हलकं होईल.

यंदा तुमच्या घरातलं कोणी पथकात जायचं म्हणत असेल तर जरूर जाऊ द्या. जाण्यापूर्वी एकदा सरावाला जाऊन उभे राहा. नवीन मुलांना आधी टाळीवर धरतात का, संथ वाजवून घेतात का, कानांची काळजी घेतात का, पाणी आणि विश्रांती देतात का, रात्री वेळेवर थांबतात का, हे पाहा. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर नदीपात्रातला सराव वेळीच हलवतात का, हेही विचारा. आणि पहिल्या वर्षी हातात ढोलाऐवजी ध्वज किंवा झांज आली म्हणून मुलाची बाजू घेऊन भांडायला जाऊ नका. आमच्या नातीला दुसऱ्या वर्षी मधली रांग मिळाली. तिच्या मागे आता दोन नवी मुलं होती, आणि ती तिच्या टिपराकडे बघून वाजवत होती.