पहिलंच पुस्तक, तेही किशोरांसाठी

शाळकरी कादंबरीकार : ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात एस. ई. हिंटनने ‘द आउटसायडर्स’ लिहायला घेतली तेव्हा तिचं वय होतं १५. १९६७ मध्ये व्हायकिंगने ती छापली. सुझन हे नाव झाकून नुसती आद्याक्षरं आली ती प्रकाशकाच्या सल्ल्याने. पोरांच्या टोळ्या आणि मारामाऱ्यांवर एका मुलीने लिहिलंय म्हटल्यावर पुरुष समीक्षक नाकं मुरडतील, ही धास्ती. (कादंबरी लिहिली त्याच वर्षी सर्जनशील लेखनाच्या वर्गात तिला ‘डी’ श्रेणी मिळाली होती. गुणपत्रिकेचं काय घेऊन बसलात!) १९८३ मध्ये फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने त्यावर चित्रपट काढला, तोही कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपालबाई आणि मुलांनी पत्र पाठवून गळ घातली म्हणून.

फक्त नवोदितांसाठी : अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची किशोर-वाचन शाखा २००९ पासून विल्यम सी. मॉरिस पुरस्कार देते. अट कडक, पण रास्त : लेखकाचं याआधी कोणत्याही वयोगटासाठी पुस्तक आलेलं नसावं. पहिला मान एलिझाबेथ सी. बन्स यांच्या ‘अ कर्स डार्क अॅज गोल्ड’ला मिळाला. लोकरीच्या गिरणीत घडणारी ही जुन्या परीकथेची नवी मांडणी.

कथेची कादंबरी : २०१८ चा मॉरिस पुरस्कार अँजी थॉमस यांच्या ‘द हेट यू गिव्ह’ला. पोलिसाच्या गोळीने मित्र गमावलेल्या स्टारची ही गोष्ट मुळात कॉलेजात लिहिलेली लघुकथा होती.