भेंडीचा केवडा आणि झाडाची विळी

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, आणि एक सून हळूच म्हणाली, "ताई, आमच्या भेंडीवर केवडा आलाय. सासूबाई म्हणतात, मी विटाळात वाफ्यात गेले म्हणून." कुणी हसलं नाही. असं बोलणं ऐकलेल्या आम्ही पुष्कळ जणी तिथं होतो. म्हणून आज भेंडीचंच बोलते.

केवडा म्हणा नाहीतर हळद्या. आधी पानाच्या शिरा पिवळ्या होतात, मग सगळं पान, शेवटी भेंडीही पिवळी आणि निबर. हा विषाणूचा रोग. पांढरी माशी रोगट पानाचा रस पिते आणि तीच सोंड चांगल्या पानात खुपसते, तेव्हा तो पसरतो. हातानं शिवून हा रोग लागत नाही. मग हात कुणाचाही असो आणि महिन्याचा कुठलाही दिवस असो.

आता झाडाच्या आत बघू. आपल्या गटाचं मूळ रजिस्टर पेटीत असतं. बँकेत जाताना आपण ठरावाची नक्कल नेतो. पेशीतही तसंच आहे. मूळ रजिस्टर म्हणजे जनुकं, आणि कामाला बाहेर पडते ती नक्कल, तिला आरएनए म्हणतात. विषाणू आपल्या खोट्या नकला घुसवतो आणि झाड बिचारं त्याचंच काम करत बसतं. पण झाड अगदीच भोळं नाही. त्याची नक्कल सहसा एकेरी असते, विषाणूची पुष्कळदा दुहेरी, एकीला एक चिकटलेली. दुहेरी दिसली की झाडातलं एक विकर विळीसारखं तिचे बारीक तुकडे करतं, 21 ते 24 अक्षरांचे. मग दुसरं प्रथिन त्यातला एक तुकडा नमुन्यासारखा धरून हिंडतं आणि त्याच्याशी जुळेल ती नक्कल बंद पाडतं. याला जनुक गप्प करणं म्हणतात.

1928 साली अमेरिकेत तंबाखूच्या रोपांवर हे दिसलं होतं. खालची पानं रोगट, वर फुटलेली नवी पानं मात्र निरोगी, आणि त्यांना तो रोग पुन्हा लागेना. कारण कळायला सत्तर वर्षं लागली. इंग्लंडमध्ये 1999 साली हे बारीक तुकडे सापडले तेव्हा कुठं उलगडा झाला.

मग आपली भेंडी का हरते? विषाणूही कच्चा नाही. केवड्याच्या विषाणूबरोबर एक छोटा जोडीदार फिरतो आणि त्याचं प्रथिन त्या विळीची धारच बोथट करतं. शिवाय विषाणू बदलत राहतो. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं पुसा सावनीचा रानटी भाऊबंदाशी संकर करून 'परभणी क्रांती' आणली, ती केवड्याला दाद देत नव्हती म्हणून घरोघरी गेली. पुढं तिलाही ठिकठिकाणी रोग येऊ लागला.

ब्राझीलमध्ये घेवड्याला विषाणूचा थोडासा मजकूर आधीच देऊन ठेवतात, म्हणजे विळी तयारच राहते. तिथंही शत्रू पांढरी माशीच. 2011 साली त्या वाणाला परवानगी मिळाली. आपल्याकडे अशी भेंडी बाजारात नाही. तसं सांगून कुणी बी विकत असेल तर पैसे देऊ नका. 'व्हायरसचं औषध' म्हणून मिळणाऱ्या बाटलीचंही तेच. फवारणीनं माशी मरेल, पण पिवळं झालेलं झाड हिरवं होत नाही. आमच्यातल्या एकीनं गटाचं कर्ज त्यात घातलं आणि अजून फेडते आहे.

त्या सुनेला आम्ही सांगितलं ते असं. पहिली पिवळी झाडं दिसताच उपटून पुरून टाक, बांधावरचं तण काढ, पिवळे चिकट सापळे लाव, पाच टक्के निंबोळी अर्क फवार. परवा तिच्या सासूबाई स्वतः आल्या होत्या, अर्काला निंबोळ्या किती लागतात विचारायला. शंभर लिटर पाण्याला पाच किलो, वाळवून कुटलेल्या.