जाम बोल्ट (सस्पेन्शन)

जुन्या मोटारगाडीच्या सस्पेन्शनमधील जो बोल्ट गंजामुळे बुशच्या लोखंडी नळीत घट्ट बसतो व पान्याने फिरत नाही, त्यास जाम बोल्ट म्हणतात.

कारणे

गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने बोल्ट व नळी यांमधील फट भरून निघते. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ही क्रिया वेगाने होते; बालाघाट डोंगररांगेतील अंबाजोगाईच्या तुलनेने कोरड्या हवेत ती मंद असते.

काढण्याची पद्धत

गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवतात. आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडतात व काही तास मुरू देतात. त्यानंतर बोल्ट प्रथम किंचित आवळून मग सैल करतात. उष्णतेने नळी प्रसरण पावते. मात्र बुशचे रबर पेट घेऊ शकते, म्हणून बुश बदलायचा असेल तरच ही पद्धत वापरतात. बुशच्या दोन्ही बाजूंनी बोल्ट कापणे हा अखेरचा उपाय होय.

पुनर्जोडणी

नवा बोल्ट मूळ प्रतीचाच (उदा. ८.८ किंवा १०.९) असावा लागतो, हलक्या प्रतीचा बोल्ट तुटल्यास चालकाचा गाडीवरील ताबा सुटू शकतो. गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच बोल्ट पूर्ण आवळतात; अन्यथा रबर पिळलेल्या स्थितीत राहून बुश लवकर फाटतो.