जुनी नाणी घासावीत काय?

दिवाळीचे दिवस जवळ आले म्हणजे मॉरिशसमधील मराठी घरांतून साफसफाईची एकच धांदल उडते. समया, ताम्हन, पंचपात्री घासून लख्ख होतात आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडण्यासाठी पेटीच्या तळाशी जपून ठेवलेली, पणज्याच्या वेळची रुप्याची नाणीही बाहेर निघतात. काळवंडलेला रुपया लक्ष्मीपुढे कसा ठेवावा, अशा भाविक संकोचाने घरातील कोणीतरी तोही त्याच राखुंडीने घासावयास बसते. हेतू निर्मळ खरा. परंतु त्या घटकाभरात जे नाहीसे होते ते पुढे कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही.

या नाण्यांची योग्यता समजण्यासाठी ती घरात कशी आली हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले आणि गिरमिटाचे युग सुरू झाले. पुढे मुंबई बंदरातून कोकणातील व देशावरील माणसेही आली. पुरुष मजुराचा पगार सर्वसाधारणपणे माहेवार पाच रुपये व शिधा. त्यातही एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची जुलमी पद्धत होती! अशा मिळकतीतून शिल्लक पडलेला एक रुपया म्हणजे जवळजवळ आठवड्याचे कष्ट. १८७६ च्या कायद्याने रुपया हेच या बेटाचे अधिकृत चलन ठरले; पुढच्या वर्षीचा आकडा घातलेली मॉरिशसची सेंटांची नाणी निघाली, तरी मोठे नाणे म्हणून हिंदुस्थानचाच रुपया चालत राहिला. मॉरिशसचा स्वतःचा चांदीचा रुपया निघाला तो १९३४ साली. तेव्हा आजोबांच्या पेटीतला राणीछाप वा राजाछाप रुपया हा बहुधा कोणा दूरच्या देशाची गंमतीची वस्तू नसून येथल्याच उसाच्या मळ्यांतून हातोहात फिरलेला साक्षीदार असतो.

तो रुपया म्हणजे खरोखरीचा बंदा रुपया होता. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. मग तो काळा का पडतो? हवेतील गंधकयुक्त वायू चांदीशी संयोग पावतात व पृष्ठभागावर गंधकिताचा अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर बाहेरून येऊन बसलेली धूळ नव्हे. तो नाण्याच्याच चांदीचा झालेला असतो. म्हणून घासून काळेपणा काढणे याचा अर्थ नाण्याचा वरचा पापुद्रा काढणे. शिवाय हा थर एकसारखा असला तर खालच्या धातूचे काही प्रमाणात रक्षणच करतो. संग्राहक मंडळी वर्षानुवर्षांत आपोआप चढलेल्या निळसर, तांबूस छटेला मुद्दाम अधिक किंमत देतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

यापेक्षाही मोठी हानी डोळ्यांना सहजी दिसत नाही. टांकसाळीत ठशाचा प्रचंड दाब पडला म्हणजे धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नवे नाणे उजेडात फिरवले असता चाकाच्या आऱ्यांप्रमाणे प्रकाश फिरताना दिसतो, तो या रेषांमुळे. एकदा राखुंडी किंवा रुपे उजळण्याची पेस्ट फिरली की या रेषा सपाट होतात व त्यांच्या जागी शेकडो बारीक ओरखडे उरतात. नाणे चमकते खरे, पण ती चमक टांकसाळीची नसते. जाणत्याला भिंगाखाली हा फरक क्षणात कळतो, आणि अशा नाण्याची किंमत पुष्कळदा चांदीच्या भावावर येऊन ठेपते.

पंचम जॉर्जच्या रुपयांचेच उदाहरण घ्यावे. १९११ साली निघालेल्या पहिल्या रुपयावर राजाच्या पोशाखावरील साखळीत एक चिमुकला हत्ती कोरलेला होता. त्याची सोंड इतकी आखूड दिसे की लोकांना तो डुक्कर वाटला आणि त्यावरून बरीच ओरड झाली. पुष्कळ नाणी वितळवण्यात आली व १९१२ पासून सोंड स्पष्ट दाखवणारा नवा ठसा आला. हा सारा इतिहास राजाच्या छातीवरील दाण्याएवढ्या जागेत सामावलेला आहे. तसेच मुंबईच्या टांकसाळीतील या रुपयांवर तळाच्या कमळाखाली एक बारीक ठिपका असतो. कलकत्त्याच्या रुपयांवर तो नसतो. ज्यांचे पूर्वज मुंबईहून जहाजात चढले त्यांना हा ठिपका पाहून काय वाटेल ते सांगावयास नको. दर दिवाळीला अंगठा फिरत राहिला, तर हत्तीचा ना हत्ती राहतो ना डुक्कर, आणि ठिपका तर पहिल्याने जातो.

तांब्याच्या नाण्यांची कथा याहून नाजूक आहे. महाराष्ट्रातून आलेली एखादी शिवराई कोणाच्या घरी असेल, तर तिच्यावर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे शोधावीत. ही नाणी हाताने ठोकलेली असल्यामुळे अक्षरे पुष्कळदा कडेवर अर्धवटच उमटलेली असतात. तपकिरी किंवा गर्द हिरवा, घट्ट व गुळगुळीत थर चढला असेल, तर अक्षरांची मूळ धार त्या थरातच टिकून राहिलेली असते. चिंच आणि लिंबू यांतील आम्ल नेमका तोच थर विरघळवते. त्यातून चिंचेबरोबर चिमूटभर मीठ घेण्याची चाल तर फारच घातक. मिठातील क्लोराइड नाण्याच्या खळग्यांत दडून बसते व दमट हवेत तांबे आतून पोखरू लागते. मॉरिशससारख्या चहूबाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर यासाठी वेगळ्या निमंत्रणाची गरज नसते. पिस्त्याच्या रंगाची फिकट हिरवी भुकटी दिसू लागली आणि लाकडी काडीने स्पर्श करताच ती गळू लागली, तर ते या रोगाचे लक्षण समजावे. असे नाणे इतरांपासून वेगळे काढून अगदी कोरड्या जागी ठेवावे व जाणकाराला दाखवावे. येथे मात्र 'हात लावू नये' हा नियम चालत नाही. उपचार न केल्यास कालांतराने नाणेच उरत नाही.

दुसरा अपवाद समुद्राचा. ऑगस्ट १७४४ मध्ये ईशान्य किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर आपटून 'सें जेराँ' हे फ्रेंच जहाज बुडाले. साखर कारखान्याच्या यंत्रसामग्रीबरोबर त्यावर स्पॅनिश पियास्त्रेही होती. अशी चांदी शतकानुशतके खाऱ्या पाण्यात राहिली म्हणजे तिच्यावर दगडासारखे काळे कवच चढते. ते काढल्याखेरीज नाणे वाचताच येत नाही. परंतु ते काम संग्रहालयाच्या प्रयोगशाळेचे आहे, स्वयंपाकघरातील मोरीचे नव्हे.

मग सामान्य माणसाने काहीच करू नये काय? धुणे आणि घासणे यांत भेद आहे, तो ओळखावा. सैल माती असेल, तर नाणे डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवावे आणि मऊ सुती कापडावर ठेवून टिपावे, पुसू नये. प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांत ठेवल्यामुळे जो हिरवट चिकट थर येतो तो शुद्ध ॲसिटोनमध्ये सुटतो व धातूला इजा होत नाही. मात्र ॲसिटोन झटकन पेट घेते, म्हणून ते विस्तवापासून दूर व उघड्या हवेत वापरावे. नखांचा रंग काढण्याचे सुगंधी द्रव त्याऐवजी चालत नाही. बाजारात रुपे बुडवून उजळण्याची द्रावणे मिळतात, त्यांच्या नादी लागू नये. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर खाण्याच्या सोड्याच्या ऊन पाण्यात चांदी ठेवण्याची युक्तीही अनेकांना ठाऊक आहे. ती चमच्यांना ठीक. नाणे तिच्यातून निस्तेज, पांढुरके होऊन बाहेर येते.

कित्येक घरांत रुपयांना कडी लावून केलेली माळ आहे. काही हौशी संग्राहक नाण्याला 'मूळ रूप' यावे म्हणून ही कडी कापून डाग घासून टाकतात. हा शुद्ध अविचार होय. कडी लावल्यामुळे नाण्याची बाजारातील किंमत उतरली हे खरे; पण आता ते नाणे राहिलेले नाही, ती पणजीची माळ आहे, आणि तिच्या मानेवर झिजलेली राणीची मुद्रा कोऱ्या रुपयाहून अधिक बोलते. माळ तुटण्याच्या बेतात असेल, तर दोरा बदलावा. त्यापुढे जाऊ नये.

राहता राहिला पूजेचा प्रश्न. पंचामृतातील दही, मध व दूध नाण्याच्या नक्षीत वाळून बसतात आणि पुढच्या वर्षी ते काढण्यासाठी अधिक जोराने घासावे लागते. हेच चक्र चालू राहते. अभिषेकासाठी चालू चलनातील एखादे नाणे घ्यावे आणि जुनी नाणी कोरड्या रेशमी वस्त्रावर मांडून त्यांना केवळ अक्षता व फूल वाहावे. लक्ष्मीला उजळ रुपयाच हवा असा काही शास्त्रार्थ नाही. चुकून पंचामृत पडलेच, तर लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन टिपून घ्यावे.

पूजा आटोपल्यावर नाणी कडेला धरूनच उचलावीत, कारण बोटांच्या घामाचेही डाग उमटतात. प्रत्येक नाणे आम्लरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात घालावे. डब्यात पाणी शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी. रबराचे बंध व लोकरीचे कापड टाळावे, कारण दोहोंत गंधक असते. पाकिटावर नाणे आत घालण्यापूर्वीच पेन्सिलीने लिहावे: नाणे कोणाचे, कोणाकडून आले, पूर्वज कोणत्या गावचा. गिरमिटिया मजुराला मिळालेला क्रमांक घरी ठाऊक असेल, तर तोही लिहावा. नसेल, तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आगमनाच्या नोंदवह्यांत चौकशी करता येते.